मागच्या आसाची कहाणी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत माझ्या आधी ज्ञानेश्वरीवर बोलणे झाले, नाट्यसंगीतावर झाले आणि गेल्या रविवारी मधुमेहावरही झाले. त्या पंगतीत एका जुन्या व्हॅनच्या मागच्या आसाचे पान वाढावे, ही कल्पना आपल्या कार्यवाहांना प्रथम रुचली नसावी. "विषय थोडा रुक्ष नाही का वाटत?" असे त्यांनी अत्यंत सौजन्याने विचारले. मी त्यांना म्हणालो, आपल्यापैकी किती घरांतील मुले आज परदेशी आहेत आणि नोकरीधंदा सांभाळून ती तेथे कोणकोणत्या नादांत रमली आहेत, याची एकदा मोजदाद करा, म्हणजे विषय घरचाच आहे हे ध्यानात येईल. त्यांनी मोजदाद केली की नाही ठाऊक नाही, पण परवानगी दिली.

मी अभियंता नव्हे. मी बी.ए. झालेला, केंद्र सरकारच्या नोकरीत फायलींवर टिपण्या लिहिण्यात तीस वर्षे घालविलेला मनुष्य आहे. परंतु या व्यवसायात माणसाला एक उपयुक्त सवय जडते. एखाद्या जुन्या व्यवस्थेत बदल सुचविला गेला, की ती मूळ व्यवस्था कोणी, केव्हा आणि कशासाठी केली होती हे तो आधी पाहतो. यंत्राच्या बाबतीतही ही सवय कामास येते, एवढ्याच अधिकाराने मी आज उभा आहे.

फोक्सवॅगन कंपनीची ती डब्यासारखी, पुढची काच मधोमध दुभंगलेली आणि वाटोळ्या डोळ्यांची व्हॅन आपण सर्वांनी निदान चित्रात तरी पाहिली आहे. येथील वडीलधाऱ्यांपैकी काहींनी ती प्रत्यक्षही पाहिली असेल. साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातून तुर्कस्तान, इराण व अफगाणिस्तान ओलांडून जे हिप्पी दिल्ली, काठमांडू आणि गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत येत, त्यांच्यापैकी कित्येकांचे ते फिरते बिऱ्हाडच होते. १९७९ साली इराणात क्रांती झाली, वर्षअखेर सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि तो खुष्कीचा मार्ग बंद पडला.

ही गाडी सुचली ती बेन पोन नावाच्या एका डच मोटारविक्रेत्याला. २३ एप्रिल १९४७ रोजी त्याने आपल्या वहीत तिचे एक ओबडधोबड रेखाटन केले. मागे इंजिन, पुढे अगदी चाकांवर चालक आणि मध्ये सगळी मोकळी जागा. ८ मार्च १९५० पासून वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात ती नियमाने तयार होऊ लागली. ज्याने कधी बैलगाडी हाकली आहे, त्याला 'उलार' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. ओझे मागे अधिक झाले की जू वर उचलले जाते आणि बैलांचा गळफास आवळतो. पोनच्या रेखाटनातील खुबी हीच, की चालकाचे वजन पुढे, इंजिनाचे मागे आणि मालाचे बरोबर मधोमध, त्यामुळे गाडी भरलेली असो वा रिकामी, ती सहसा उलार होत नाही.

मात्र इंजिन होते ते 'बीटल' या लहान मोटारीचे. ११३१ घनसेंटिमीटरचे आणि अवघ्या २५ अश्वशक्तीचे. गाडीचे स्वतःचे वजन एक टनाच्या आसपास, आणि तिने वर पाऊण टन माल वाहावा ही अपेक्षा. २५ घोड्यांनी एवढे ओझे चढावर न्यायचे कसे? आणि युद्धाने उखडलेल्या रस्त्यांवर पोट न घासता जायचे कसे? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर जर्मन अभियंत्यांजवळ तयार होते. युद्धकाळात त्याच यंत्रसामग्रीवर बांधलेल्या क्यूबेलवॅगन या लष्करी मोटारीत त्यांनी एक युक्ती वापरली होती, तीच त्यांनी येथे आणली. मागच्या आसाच्या दोन्ही टोकांना, चाकाच्या अगदी आतल्या बाजूस, एकेक लहान लोखंडी पेटी बसविली. तिला रिडक्शन बॉक्स म्हणतात. पेटीत वर एक लहान दातेरी चक्र आणि त्याच्याखाली एक मोठे. आस वरच्या चक्राला फिरवितो, वरचे चक्र खालच्याला आणि खालचे चाकाला. यामुळे आस चाकाच्या मध्यापेक्षा वर राहतो, म्हणून गाडीचे पोट उंच राहते. आणि लहान चक्राने मोठे फिरविल्यामुळे वेग घटून ओढ वाढते. आरंभीच्या गाड्यांत ही वाढ सुमारे १.४ पट होती. पुढे १९६३ च्या सुमारास मोठे इंजिन आले, तेव्हा ती सुमारे १.२६ पटीवर आणण्यात आली. उंची आणि ओढ या दोन गोष्टी एकाच पेटीत गुंतलेल्या आहेत, हे कृपा करून ध्यानात ठेवावे. पुढचा सर्व घोळ त्यातूनच होतो.

या पेटीची एक गंमत सांगण्यासारखी आहे. दोन दातेरी चक्रे एकमेकांत अडकली की दुसरे उलट्या दिशेने फिरते. तेव्हा पेटीत आस पुढे फिरला तर चाक मागे फिरणार. यावर उपाय म्हणून व्हॅनच्या गिअरबॉक्समधील क्राउन चक्र बीटलच्या मानाने दुसऱ्या बाजूस बसविलेले असते. हे न जाणता कोणी बीटलचा गिअरबॉक्स जसाच्या तसा या व्हॅनला जोडला, तर त्याला पुढे जाण्यास एक गिअर मिळतो आणि मागे जाण्यास चार. असे प्रकार जगात अनेक ठिकाणी खरोखर घडलेले आहेत.

आता या आसाला तोलून धरणारी रचना पाहू. आपल्या ट्रकला किंवा जीपला पाटे असतात. या गाडीला पाटे नाहीत. गाडीखाली आडवी एक जाड नळी असते आणि तिच्यात दोन पोलादी दांड्या. चाक वर उचलले गेले की दांडीला पीळ बसतो, आणि पीळ सुटू पाहतो तेव्हा चाक पुन्हा खाली येते. तिला टॉर्शन बार असे नाव आहे. दांडीच्या आतल्या टोकाला ४० दाते असतात व बाहेरच्या टोकाला ४४. ही संख्या वेगळी का? आतला एक दाता सरकविला तर नऊ अंश फरक पडतो, बाहेरचा एक सरकविला तर आठ अंश अकरा मिनिटे. एक दाता या दिशेने आणि एक त्या दिशेने सरकविला, की निव्वळ फरक उरतो एकोणपन्नास मिनिटांचा, म्हणजे एका अंशाहूनही कमी. एकही जादा सुटा भाग न वापरता गाडीची उंची इतक्या बारकाईने जुळविण्याची ही सोय मला फार देखणी वाटते. आमच्या खात्यात एवढी बारीक सोय असती, तर पदोन्नतीच्या निम्म्या तक्रारी मिटल्या असत्या. असो.

या रचनेत एक उणीव मात्र मुळापासून होती. आसाच्या दोन अर्ध्या दांड्या ज्या नळ्यांतून जातात, त्या नळ्या फक्त गिअरबॉक्सपाशी, आतल्या टोकाला हलतात. बाहेरच्या टोकाला चाक त्यांच्याशी ताठ जखडलेले असते. दाराची फळी बिजागरीवर फिरते तशी नळी फिरते आणि चाकही तिच्याबरोबर कलते. गाडी खाली दबली की चाकांचे माथे आत झुकतात, गाडी वर उचलली गेली की पायथे आत ओढले जातात. वळणावर वेग अधिक असला, की बाहेरच्या चाकावर येणारा बाजूचा जोर त्याला गाडीच्या पोटाखाली दुमडू पाहतो. गाडीचा मागचा भाग त्यामुळे आणखी उचलला जातो आणि उचलला गेल्यामुळे चाक आणखी दुमडते. घाबरून चालकाने भर वळणात ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला तर वजन पुढे धावते, मागचा भाग आणखी हलका होतो आणि संकट दुणावते. व्हॅनमध्ये ही बिजागरी रिडक्शन पेट्यांमुळे बीटलपेक्षाही उंचावर असते, म्हणून हा दोष तीत अधिक. आणि सर्वांत चमत्कारिक गोष्ट अशी, की मागचा भाग ओझ्याने दबलेला असताना ही गाडी रिकामीपेक्षा शहाण्यासारखी वागते. अमेरिकेत अशाच डोलत्या आसाच्या शेव्हर्ले कोर्व्हेअर मोटारीवरून केवढे काहूर माजले होते. राल्फ नेडर यांच्या १९६५ च्या प्रसिद्ध पुस्तकात तिच्यावर एक प्रकरणच आहे.

कारखान्यालाही हे उमगले होते. ऑगस्ट १९६७ मध्ये, म्हणजे १९६८ च्या नमुन्यापासून, एकसंध काचेची नवी व्हॅन आली तेव्हा मागची संपूर्ण व्यवस्था बदलण्यात आली. रिडक्शन पेट्या गेल्या. प्रत्येक अर्ध्या आसाला एकाऐवजी दोन सांधे आले, एक गिअरबॉक्सपाशी व एक चाकापाशी. चाकाला धरून ठेवण्यास तिरका मजबूत बाहू आला. त्यामुळे चाक वरखाली होताना फारसे कलत नाही. मागच्या दोन चाकांमधील अंतरही वाढविण्यात आले. येथे टिपणी लिहिणाऱ्याच्या नजरेला एक गोष्ट चटकन दिसते. जुन्या व्हॅनच्या क्राउन-पिनियनचे प्रमाण ४.१२५ होते. त्याला पेटीच्या १.२६ ने गुणले की ५.२ येते. नव्या व्हॅनमध्ये पेटी नाही, पण क्राउन-पिनियनचे प्रमाण आहे ५.३७५. म्हणजे कारखान्याने पेटी काढली, पण तिचे काम रद्द केले नाही, ते दुसऱ्या टेबलाकडे वर्ग केले.

आता घरच्या गोष्टीकडे येतो. माझा भाचा कॅलिफोर्नियात असतो. त्याने १९६५ सालची अशी एक व्हॅन घेतली, पत्रा गंजलेला पण सांगाडा शाबूत. एके दिवशी त्याचा फोन आला. "मामा, हायवेवर मागून ट्रक हॉर्न देतात. मी मागचा ॲक्सल बदलून गाडी चार इंच खाली घेणार आहे. तिकडे सगळे तसंच करतात." दुसऱ्या दिवशी सांगलीहून धाकट्या बहिणीचा फोन. "दादा, त्याला तू विचार काय ते. दोन पोरं मागे बसतात त्याच्या." त्यानंतर काही महिने मी या विषयातील जे मिळेल ते वाचले, आणि रजा घेऊन तिकडे गेलो तेव्हा जमिनीवर गोधडी पसरून त्या गाडीखाली आडवाही झालो. माझ्या वयाच्या माणसाने हे करू नये असे सूनबाईंचे मत पडले.

तिकडचे हौशी लोक सामान्यतः जो सोपा मार्ग घेतात तो असा. रिडक्शन पेट्या काढून टाकायच्या आणि तेथे बीटलचा सरळ डोलता आस बसवायचा. क्राउन चक्राची बाजू अर्थातच बदलून घ्यावी लागते. आस आता चाकाच्या मध्याशी समपातळीत आल्यामुळे गाडी आपोआप तीन-चार इंच खाली बसते, आणि पेटी गेल्याने त्याच वेगाला इंजिन कमी फिरते. हायवेवर आवाज घटतो, पेट्रोल वाचते, गाडी दिसतेही ऐटदार. हे सारे खरे आहे. गाडी खाली आल्याने चाक दुमडण्याची भीती कमी होते, हेही मी नाकारणार नाही. परंतु ५.२ च्या जागी बीटलचे ४.३७५ आले, म्हणजे चाकापर्यंत पोहोचणारी ओढ सुमारे सोळा टक्के घटली. चार माणसे, तंबू, शेगडी आणि पाण्याचे पिंप घेऊन सिएरा नेवाडाचा चढ चढताना हे सोळा टक्के कोठून आणायचे? ते क्लच जाळून आणले जातात. शिवाय मूळ दोष, म्हणजे चाकाचे कलणे, तसेच राहते. फक्त आता चाके आत झुकलेली राहिली, तर टायरांची आतली कड झपाट्याने झिजते आणि ती बाहेरून पाहणाऱ्याला दिसत नाही. ज्यांना याहूनही खाली जायचे असते, ते आसाच्या नळ्यांना जागा मिळावी म्हणून सांगाड्याच्या मुख्य लोखंडालाच अर्धवर्तुळाकार खाच पाडतात. या टोकाला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. सुटा भाग परत जोडता येतो, पण कापलेला सांगाडा पुन्हा पूर्वीसारखा होत नाही.

दुसरा मार्ग खर्चाचा. कारखान्याने १९६७ मध्ये जे केले तेच जुन्या गाडीत करायचे, म्हणजे दोन सांध्यांचे आस आणि तिरके बाहू. त्यासाठी टॉर्शन बारच्या नळीवर दोन्ही बाजूंना एकेक नवा आधार वेल्ड करावा लागतो. हे दोन्ही आधार साच्यात धरून बसवावे लागतात. एक बाजू थोडी जरी पुढे-मागे झाली, तर गाडी रस्त्यावर कुत्रे धावते तशी तिरकी चालते आणि मग ती सरळ करणे महाकठीण. बाहूला धरणाऱ्या पोलादी पट्ट्या, शॉकअब्सॉर्बर, हातब्रेकच्या तारा, गिअरबॉक्समधून बाहेर येणारी टोके, सारे त्या मापाचे हवे. एवढे केल्यावरही क्राउन-पिनियनचा प्रश्न उरतोच.

आणि तिसरा मार्ग म्हणजे काही न बदलणे. पेट्या उघडून बेअरिंग, सील, तेल नवे घालायचे, टॉर्शन बारची रबरे बदलायची आणि ताशी ऐंशी किलोमीटरवर समाधान मानायचे. संग्रहाची गाडी असेल तर मी डोळे मिटून हाच सल्ला देईन. पण भाच्याची गाडी संग्रहाची नव्हती, ती घाटरस्त्यांवर मुले घेऊन जाणारी होती.

आमचा वाद आठवडाभर चालला. त्याच्याजवळ मते होती, माझ्याजवळ आकडे. शेवटी त्याने दुसरा मार्ग पत्करला, आणि एक शहाणपण स्वतःचे म्हणून त्यात घातले. नव्या व्हॅनचाच ५.३७५ चा गिअरबॉक्स मिळविला, म्हणजे चढावरची ओढ शाबूत राहिली. हायवेवर पूर्वीइतकाच आवाज होतो, हे त्याने मान्य केले. "ट्रकांना हॉर्न देऊ दे," असे आता तोच म्हणतो. उंची त्याने दातेरी टोकांवरून केवळ दीड इंच उतरविली. वेल्डिंग त्याने स्वतः केले नाही, साचा असलेल्या एका जुन्या कारागिराकडून करून घेतले. काढलेल्या रिडक्शन पेट्या ग्रीसमध्ये बुडवून, कापडात गुंडाळून लाकडी खोक्यात ठेवल्या आहेत. गाडीचा पुढचा मालक मूळ रूपाचा आग्रही निघाला, तर त्या परत बसविता येतील. बहिणीला मी सांगलीस कळविले, की मुलांनी मागे बसण्यास आता माझी हरकत नाही.

आपल्याकडे कोणी असे करू म्हणेल तर काय, हा प्रश्न मला येथे येताच दोघातिघांनी विचारला. आपल्या देशात कायदा निराळा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याबाबत कडक भूमिका घेतली आहे. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत स्वतंत्र तरतूद झाली. अशा गाडीला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो, पण तिची चासी, सांगाडा आणि इंजिन यांत भरीव फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे, आणि ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. टॉर्शन बारच्या नळीवर वेल्ड केलेला आधार हा चासीतील फेरफार होय की नव्हे, यावर दोन अधिकारी दोन निरनिराळ्या टिपण्या लिहितील. त्यांतील एक अधिकारी मी असेन तर 'होय' लिहीन. म्हणून आपल्याकडे तिसरा मार्गच खरा.

अध्यक्षमहाशयांनी भाषणापूर्वी मला हळूच सांगितले, की या शहरात एका बंद गोदामात अशी एक व्हॅन कित्येक वर्षे उभी आहे आणि तिचा मालक ती विकू पाहतो. त्यांना माझी विनंती अशी. रंग आणि खिडक्या नंतर पाहाव्यात. आधी गाडीच्या मागे वीस पावलांवर उभे राहून दोन्ही बाजूंची उंची सारखी आहे का पाहावे. एक बाजू बसलेली असेल तर टॉर्शन बार थकला आहे किंवा कोणीतरी दाते चुकीचे बसविले आहेत. मग मागची चाके उतरवावीत. ब्रेक ड्रमच्या आत तेलाचा काळा ओघळ दिसला तर पेटीचे सील गेले, आणि ब्रेकही गेलेच समजावे. दोन्ही पेट्यांच्या तळाची बुचे उघडून तेल एका वाटीत काढावे. प्रत्येकीत ते पाव लीटरच्या आसपासच असते, म्हणून तर ते हमखास विसरले जाते. वाटीच्या तळाशी बोट फिरवून लोखंडाचे कण लागतात का पाहावे. कण लागले तर किंमत निम्मी सांगावी, न लागले तरी नवे तेल भरल्याशिवाय ती गाडी गोदामाच्या दारापर्यंतसुद्धा ढकलू नये.